कांचेच्या टाकींतील समुद्र आणि त्याचें पाणी

रहिमतपूर हें गांव सह्याद्रीच्या अलीकडचें. समुद्र येथून सरळ रेषेनें मोजला तरी शंभर किलोमीटरांहून जवळ नाहीं, आणि घाट उतरून जावयाचें म्हटलें तर वाट त्याहून पुष्कळच लांब पडते. अशा गांवच्या एका सेवानिवृत्त शिक्षकानें समुद्राच्या पाण्याविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु पुण्या-मुंबईची हौस आतां घाटावरच्या लहान गांवांतहि येऊन पोहोंचली आहे. दिवाणखान्यांत कांचेची टाकी, तींत खारें पाणी, रंगीबेरंगी मासे आणि दगडाला चिकटलेलें जिवंत प्रवाळ. दृश्य खरोखर मोठें मनोहर असतें. मात्र तें फार दिवस टिकत नाहीं. गोड्या पाण्यांतला मासा पुष्कळ हाल सोसतो. प्रवाळ सोसत नाहीं. दोन-चार महिन्यांत कांचेवर शेवाळ चढतें, प्रवाळ मिटून बसतें, मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडूं-मिटूं लागतात, आणि मालक दुकानदाराकडे धांव घेतो. दुकानदार एक बाटली देतो. ती बाटली टाकींत ओतण्यापूर्वीं काय काय पाहावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम समुद्र आणि टाकी यांतील भेद ध्यानांत घ्यावा. ‘चॅलेंजर’ नांवाचें जहाज 1872 पासून 1876 पर्यंत जगांतील महासागर हिंडलें. त्यानें आणलेल्या पाण्याच्या 77 नमुन्यांचें पृथक्करण विल्यम डिट्मर या रसायनशास्त्रज्ञानें केलें आणि तें 1884 सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत असें दिसून आलें कीं, पाणी कोठें कमी खारट असेल, कोठें अधिक असेल, परंतु त्यांतील निरनिराळ्या क्षारांचें परस्परांशीं असलेलें प्रमाण मोकळ्या समुद्रांत जवळजवळ सर्वत्र सारखेंच असतें. एक किलो पाण्यांत साधारणतः 35 ग्रॅम क्षार. एवढ्या अफाट सांठ्यांत एखादा मासा मेला, कुजला, तरी त्याची दादहि लागत नाहीं. टाकीचें तसें नाहीं. टाकी म्हणजे लहानशा दुकानदाराची वही. तींत जें जमेस पडतें तें आपण हातानें काढीपर्यंत वहींतच राहतें, आणि जें खर्चीं पडतें तें आपण भरून देईपर्यंत कमीच राहतें. म्हणून पाणी बिघडलें कीं ‘यावर औषध काय ?’ हा प्रश्न मागाहून विचारावा. आधीं विचारावें, कीं आंत काय आलें, कोणत्या वाटेनें आलें, आणि बाहेर जावयाचें काय राहिलें ?

या वहींतली पहिली रक्कम मिठाची. कित्येकजण मला विचारतात, ‘गुरुजी, उरण-पेणकडील मिठागरांतलें मीठ समुद्राचेंच ना ? मग तेंच पाण्यांत घातलें तर काय बिघडलें ?’ प्रश्न शहाणपणाचा आहे, परंतु उत्तर नकारार्थी आहे. मिठागरांत पाणी आटूं लागलें कीं आधीं चुन्याचे क्षार तळाशीं बसतात, पुढें जिप्सम बसतें, त्यानंतर मीठ धरतें. आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यांत राहतात, तें पाणी आगरी लोक सोडून देतात. अर्थात् हातीं येतें तें समुद्रांतलें एक अपत्य, सबंध कुटुंब नव्हे. तें पुन्हां पाण्यांत विरघळविलें तरी समुद्र तयार होत नाहीं. याकरितां टाकीसाठीं मुद्दाम तयार केलेलें मिश्र मीठच घ्यावें लागतें. गुहागर-दाभोळकडून खरें समुद्राचें पाणीच आणलें तर ? पावसाळ्यांत तर आणूंच नये. नद्यांच्या पुरानें खाडीच्या तोंडाजवळचें पाणी फिकें आणि गढूळ झालेलें असतें. हिंवाळ्यांत, वस्तीपासून व खाडीपासून दूर, मोकळ्या किनाऱ्यावरचें पाणी चालेल. पण दर आठवड्यास कॅन भरून घाट चढविण्याची हौस किती दिवस टिकते तें मीं पाहिलें आहे.

मीठ योग्य प्रमाणांत घातलें तरी खारटपणा आपण होऊन वाढतो, हें नवख्याच्या ध्यानांत येत नाहीं. आटतें तें पाणी; मीठ आटत नाहीं. शंभर लिटर पाण्यांत साडेतीन किलो क्षार आहेत असें धरूं. चैत्र-वैशाखांत आमच्याकडे हवा इतकी कोरडी असते कीं, पंख्याखालच्या उघड्या टाकींतून आठवड्यांत दहा लिटर पाणी सहज उडून जातें. राहिलें नव्वद लिटर, क्षार तेवढेच. आतां भागाकार करा: दर लिटरास जवळजवळ 39 ग्रॅम. ही तूट भरून काढतांना जर कोणीं खारेंच पाणी ओतलें, तर आठवड्या-आठवड्यानें तो टाकीचें मिठागर करीत आहे ! तूट नेहमीं शुद्ध, बिनमिठाच्या पाण्यानें, आणि रोजच्या रोज थोडी थोडी भरावी. टाकीच्या बाहेरून कांचेवर एक खूण करून ठेवली म्हणजे झालें. खारटपणा मोजण्याचें जें वक्रीभवनमापक यंत्र मिळतें, तें नुसत्या शुद्ध पाण्यानें शून्यावर आणून भागत नाहीं. 35 च्या प्रमाणाचा ठराविक द्रव मिळतो, त्यानें तें जुळवून घ्यावें. यंत्रच चुकत असेल तर टाकीला दोष देण्यांत अर्थ नाहीं.

आतां विषाकडे वळूं. माशाची विष्ठा, उरलेलें खाद्य आणि कुजणारें शरीर यांपासून अमोनिया होतो. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. पहिलीं दोन्ही विषें आहेत, तिसरें त्या मानानें सौम्य. हे जंतु विकत आणलेल्या कोऱ्या कांचेवर नसतात. सच्छिद्र दगडांवर व वाळूंत त्यांचीं घरें व्हावयास चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणली त्याच दिवशीं मासे सोडणारा मनुष्य स्वयंपाकघर बांधण्यापूर्वीं पाहुणे बोलावतो. आणखी एक गोष्ट अशी. शेतकरी माती तपासतांना ज्याला सामू म्हणतात, तो खाऱ्या पाण्यांत 8 च्या थोडा वरच असतो. सामू एका अंकानें वाढला कीं अमोनियाचा विषारी भाग सुमारें दसपट होतो. म्हणूनच लांबून पिशवींत आलेला मासा पिशवी उघडल्यावर मरतो. प्रवासांत त्याच्याच श्वासानें पाणी आम्लतेकडे झुकलेलें असतें, म्हणून सांठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपांत राहतो. पिशवी उघडली, श्वासाचा कर्बवायु उडून गेला, सामू वर चढला, आणि तोच अमोनिया मारक झाला. अशा वेळीं पिशवी उघडी ठेवून तासन् तास पाणी थेंब-थेंब मिसळीत बसणें म्हणजे माशावर माया नव्हे.

जुन्या, स्थिर टाकींत अमोनिया अचानक दिसला, तर पहिला शोध प्रेताचा करावा: दगडामागें मेलेली गोगलगाय, फटींत अडकलेला मासा. दुसरा शोध आपल्याच स्वच्छतेचा. कोणीं गाळणीचे दगड नळाखालीं घांसून धुतले काय ? नळाच्या पाण्यांतील क्लोरीन रोगजंतु मारण्यासाठीं असतो, आणि आपले उपकारी जंतु त्याला ओळखूं येत नाहींत. पावसाळ्याच्या तोंडावर पाणीपुरवठ्यांत टी.सी.एल. पावडर वाढवितात, तेव्हां तर विशेष जपावें. तूर्त उपाय म्हणून खाणें बंद करावें, पाव भाग किंवा अर्धें पाणी त्याच खारटपणाच्या व त्याच उष्णतेच्या ताज्या पाण्यानें बदलावें, हवेचा पंप जोरानें चालवावा.

नायट्रेटची गोष्ट निराळी. तें एका रात्रींत मारीत नाहीं. महिनेच्या महिने सांठत राहतें, शेवाळ पोसतें आणि प्रवाळाला मंद करतें. यावरचा सर्वमान्य उपाय पाणी बदलणें हा. पण येथें गणित करावें. नायट्रेट लिटरास 40 मिलिग्रॅम आहे आणि आपण पांचवा हिस्सा पाणी बदललें, तर तें 32 वर येतें. दुसऱ्या खेपेस 25·6, तिसऱ्या खेपेस 20·5. म्हणजे नुसतें निम्मे व्हावयास तीन खेपा. हें गणित मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला करून दाखविलें. त्याची टाकी 200 लिटरांची. दर रविवारीं नेमानें 40 लिटर पाणी तो बदलीत असे. सात आठवडे झाले, तरी नायट्रेट 30 च्या खालीं येईना. दुकानदारानें त्याला आधीं जंतूंची बाटली दिली, मग शेवाळनाशक दिलें, मग दिवाच बदलण्यास सांगितलें. प्रवाळाची एक फांदी पांढरी पडली होती. मीं त्याला एवढेंच म्हटलें, ‘टाकी तपासणें पुरे, बादली तपास.’ मीठ घालण्यापूर्वींच्या पाण्याची परीक्षा केली, तों त्यांतच नायट्रेट 25 निघालें !

पाणी त्याच्या मळ्यांतल्या विहिरीचें होतें, आणि विहिरीभोंवतीं चारी बाजूंनीं ऊंस. युरियाचा जो अंश पिकानें घेतला नाहीं, तो काळ्या मातींतून, मुरुमांतून झिरपत विहिरींत उतरतो. पुन्हां गणित करा. बदलावयाच्या पाण्यांतच 25 असेल, तर 40 चें पहिल्या खेपेस 37 होतें, मग 34·6, मग 32·7. आणि जन्मभर बदलीत बसलें तरी 25 च्या खालीं तें जाणें नाहीं. वर माशांचें खाणें रोज भर घालीत असतेंच. विशेष हें कीं, तें पाणी पिण्यास अयोग्य नव्हतें. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणें (आय. एस. 10500) नायट्रेटची मर्यादा लिटरास 45 मिलिग्रॅम आहे, प्रवाळाच्या टाकींत तें 10 च्या आंत असावें. मनुष्याला चालतें तें प्रवाळाला चालेलच असें नाहीं. घाटावरच्या टाक्यांचा निम्मा रोग टाकींत नसून विहिरींत, कूपनलिकेंत किंवा नळांत असतो, असें माझें मत आहे. त्या विद्यार्थ्यानें शुद्ध पाणी वापरावयास आरंभ केल्यावर दोन महिन्यांत आंकडा 10 वर आला.

शुद्ध पाणी म्हणजे कोणतें ? घरोघरीं पिण्याच्या पाण्याचें जें आर. ओ. यंत्र भिंतीला टांगलेलें असतें, त्याचें पाणी बहुधा पुरेसें शुद्ध नसतें. चव यावी म्हणून त्यांत थोडें मूळ पाणी किंवा खनिजें परत मिसळण्याची सोय केलेली असते. ती वाट बंद करून, त्यापुढें क्षार शोषणाऱ्या रेझिनचें भांडें जोडावें, आणि टी. डी. एस. मोजण्याच्या कांडीवर शून्य दिसेपर्यंत समाधान मानूं नये. ती कांडी विरघळलेल्या क्षारांची एकूण बेरीज सांगते. क्षार कोणते, तें सांगत नाहीं. म्हणून आंकडा शून्यावरून हालला कीं रेझिन बदलावें. यांतून नायट्रेटबरोबर फॉस्फेट आणि सिलिका हींहि जातात. सिलिकेवर नव्या टाकींत तपकिरी थर चढतो. तो बहुधा आपोआप ओसरतो, त्याची धास्ती घेऊं नये. हिरवे केंसाळ शेवाळ मात्र फॉस्फेट-नायट्रेटवर वाढतें, आणि येथें परीक्षेचा एक चकवा आहे. शेवाळ दाट माजलें असतां पाण्यांत नायट्रेट शून्य दिसतें, कारण तें शेवाळाच्या पोटांत गेलेलें असतें. परीक्षानळींतलें शून्य पाहून खूष होणाऱ्यानें एकदां कांचेकडेहि पाहावें. शेवाळ हातानें उपटून बाहेर काढणें हीच तेथें खरी वसुली.

बाहेर काढण्याचें दुसरें साधन फेस काढणारें यंत्र. गुऱ्हाळांत काहिलींतल्या रसावर मळी येते, ती वेळच्या वेळीं काढली नाहीं तर गूळ काळा होतो. तसाच हा प्रकार. बारीक बुडबुड्यांना चिकटून कुजकी द्रव्यें वर येतात आणि पेल्यांत जमतात. पेला रोज ओतून टाकला तरच उपयोग.

एक सूचना आपल्या घरांतील भांड्यांविषयीं. तांब्याच्या हंड्यांतलें पाणी आपण आरोग्यदायी मानतों. टाकीच्या पाण्याला मात्र तांब्याचें भांडें, पितळेची तोटी, यांचा स्पर्शहि होऊं देऊं नये. कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळ यांना तांबें अत्यल्प प्रमाणांतहि मारक आहे. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले कीं तांब्याचें औषध देतात. तें द्यावयाचेंच तर मासा निराळ्या भांड्यांत काढून द्यावें. एकदां टाकींत पडलेलें तांबें दगडांत मुरून बसतें. डांसांवरचा फवारा आणि दिवाळीची रंगरंगोटी, हींहि त्याच यादींत घालावींत.

आतां जमेची बाजू सोडून खर्चाकडे येऊं. प्रवाळ हा प्राणी पाण्यांतल्या चुन्यापासून आपला सांगाडा बांधतो. तो बांधतांना तो कॅल्शियम आणि पाण्याची अल्कता हीं दोन्हीं खर्च करतो, पण आपल्याला दिसतें एकच. लिटरामागें 20 मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च झालें कीं अल्कता 2·8 अंशांनीं उतरते. कॅल्शियम 420 चें 400 झालें, तर तें नजरेंतहि भरत नाहीं; अल्कता 8 ची 5·2 झाली, तर प्रवाळ आजारी पडतें. म्हणून तपासावयाची ती आधीं अल्कता. हा खर्च भरून देण्याचें सर्वांत जुनें आणि मला आवडणारें साधन म्हणजे चुन्याची निवळी. शुद्ध चुना शुद्ध पाण्यांत ढवळून बसूं द्यावा आणि वरचें नितळ पाणी घ्यावें. लिटरांत दीड ग्रॅमच्या आसपासच चुना विरघळतो, अधिक घालून लाभ नाहीं. पानाच्या डबींतला चुना मात्र नको. ही निवळी अतिशय दाहक असते, म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागीं, रात्रीच्या वेळीं, ठिबकत द्यावी. एकदम ओतली तर पाणी दुधासारखें होईल आणि चुना प्रवाळाऐवजीं पंपांत बसेल. अल्कता वाढवावयाची तीहि दिवसास एक अंशाहून अधिक वाढवूं नये.

शाळेंत निवळींत फुंकर घालून ती पांढरी करण्याचा प्रयोग आपण सर्वांनीं केला असेल. तोच कर्बवायु सामूचें एक कोडें सोडवितो. अल्कता ठीक, तरी सामू कायम 7·8 च्या आसपास, अशी तक्रार पुष्कळदां येते. अशा वेळीं पेलाभर पाणी अंगणांत नेऊन त्यांत हवेच्या पंपानें तासभर बुडबुडे सोडावे. सामू चढला, तर दोष पाण्याचा नव्हे, बंद खोलींतल्या माणसांच्या श्वासाचा आहे, खिडकी उघडावी. सामू पहांटे सर्वांत कमी आणि संध्याकाळीं सर्वांत अधिक असतो, तेव्हां मोजणी रोज एकाच वेळीं करावी.

प्रवाळाविषयीं बोलतां बोलतां एक कायद्याची गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या महाराष्ट्रांतहि प्रवाळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतालच्या समुद्रांत तें वाढतें, आणि 1987 सालीं तेथें मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालें. प्रवाळभित्ति बांधणाऱ्या प्रवाळांस 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, स्थान दिलेलें आहे. ‘कोंकणांतून एक तुकडा आणला’ असें कोणी कौतुकानें सांगितलें, तर तो गुन्हा आहे. परदेशांतून आलेल्या प्रवाळासहि आयातीचा परवाना आणि नोंदणी लागते. विक्रेत्याजवळ कागद नसेल तर घेऊं नये. ज्यांना केवळ पाहण्याचा आनंद हवा, त्यांनीं रत्नागिरीस कोंकण कृषि विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचें मत्स्यालय पाहावें.

राहतां राहिला उन्हाळा. प्रवाळाच्या अंगांत सूक्ष्म शैवालें राहतात. तींच त्याला रंग देतात आणि बरेंचसें अन्नहि देतात. पाणी 26 अंशांच्या आसपास हवें. समुद्रांत नेहमींच्या उन्हाळ्याहून एक अंश अधिक उष्णता कांहीं आठवडे टिकली तरी प्रवाळ हीं शैवालें टाकून देतें आणि पांढरें पडतें. 1998 सालीं हिंदी महासागरांत तें फार मोठ्या प्रमाणावर घडलें. आमच्याकडे एप्रिलांत खोलींतली हवाच 35 अंशांच्या पुढें जाते. पाण्याच्या पृष्ठावर पंखा लावल्यानें उष्णता दोन-तीन अंश उतरते. त्याहून अधिक उतरवावयाची तर थंड करणारें यंत्र हवें, आणि त्याचा खर्च झेपत नसेल तर येथें कठीण प्रवाळ न ठेवणेंच बरें. पांढरें पडलेलें प्रवाळ लगेच मेलेलें नसतें. दिवा मंद करावा, उष्णता हळूहळू उतरवावी, आणि दहा गोष्टी एकदम करूं नयेत. एक बदल करून आठवडाभर वाट पाहावी, नाहींतर कशानें गुण आला तें कळत नाहीं.

गरम पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो, आणि वीज जाते तीहि बहुधा त्याच दुपारीं. पंप थांबला कीं मासे व प्रवाळ तर गुदमरतातच, पण बंद गाळणीच्या डब्यांतले जंतुहि कांहीं तासांत मरूं लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा लहानसा पंप घरांत नेहमीं भरून ठेवावा. तो नसल्यास लोट्यानें पाणी काढून उंचावरून पुन्हां टाकींत सोडीत राहावें. त्या वेळीं खाद्य देऊं नये. वीज परत आली म्हणजे गाळणीचा बंद डबा एकदम सुरू करूं नये. आंत सडलेलें पाणी आधीं बाहेर ओतावें, मग जोडावा. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं अमोनिया तपासावा.